हलका सोप्रानो आवाज, जुनं संगीत आणि नवं संगीत: यातून करिअर उभं राहतं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू 19 वर्षांची आहेस, वसईजवळच्या गावात चर्चच्या क्वायरमध्ये सोप्रानो (बायकांचा सगळ्यात उंच आवाज) गातेस, पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा दिल्या आहेस. एका शिक्षकांनी सांगितलं, "आवाज गोड आहे, पण ऑपेराला पुरायचा नाही." त्यानंतर तू वेल्श सोप्रानो रूबी ह्यूज हिची रेकॉर्डिंग ऐकलीस. एका अल्बममध्ये 17व्या शतकातली गाणी, दुसऱ्यात आज हयात असलेल्या संगीतकारांची. तू विचारतेस: अशी दोन टोकं धरून खरंच करिअर होतं का? नव्या संगीतानं गळा बिघडतो का? आणि तयारी कुठून करायची?

मीही वसईचीच. मराठी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) गाऊन सुरुवात केली, पुढे लंडनमध्ये शिकले आणि 22 वर्षं तिथल्या क्वायरांत, छोट्या गटांत आणि अधूनमधून एकटीनं गायले. आता शिकवते. मी मोठी गायिका नव्हते, पण हे काम कसं चालतं ते आतून पाहिलं आहे.

पहिली गोष्ट. ती दोन टोकं नाहीत. बाहेरून तसं दिसतं कारण आपण इतिहास सरळ रेषेत शिकतो: इकडे 17व्या शतकातला माँटेव्हर्डी, मध्ये 19व्या शतकातले व्हेर्दी आणि वाग्नर, तिकडे आजचे लोक. पण गायिकेच्या बाजूनं बघ. व्हेर्दीची एखादी भूमिका उभी करायची तर शंभर रेकॉर्डिंग आहेत, कुठे श्वास घ्यायचा, कुठला स्वर लांबवायचा याची परंपरा आहे, ती सांगणारे कोच आहेत. 1650च्या सुमाराचं व्हेनिसचं गाणं उघडलंस तर पानावर दोनच ओळी असतात, तुझा स्वर आणि खाली बास, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांची ओळ. लय किती, अलंकार कुठे, साथीला ल्यूट (जुनं तंतुवाद्य) की हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य), हे तुझं तुला ठरवायचं. गेल्या महिन्यात लिहून झालेलं गाणं हातात आलं तर पान चिन्हांनी गच्च भरलेलं असतं, पण ते आजवर कुणी ऐकलेलंच नसतं. दोन्हीकडे तयार वाट नाही. कागदावरून आवाजापर्यंत स्वतः जावं लागतं, आणि ज्यांना हे जमतं आणि आवडतं ते लोक आपोआप दोन्ही दारांत दिसतात.

हे आजचंही नाही. अमेरिकन गायिका कॅथी बर्बेरियन घे. इटालियन संगीतकार बेरिओनं 1965-66 मध्ये तिच्यासाठी 'सेक्वेन्झा 3' लिहिलं, ज्यात हसणं, पुटपुटणं, जिभेचे आवाज हे सगळं स्वरांइतक्याच काटेकोरपणे मांडलेलं आहे. तीच बाई काही वर्षांत जुन्या संगीताचा वाद्यवृंद चालवणाऱ्या आर्नोनकूरबरोबर माँटेव्हर्डीचे ऑपेरा रेकॉर्ड करत होती. बेथनी बिअर्ड्सली न्यूयॉर्कमध्ये मध्ययुगीन आणि रेनेसाँ संगीत गाणाऱ्या प्रो म्युझिका या गटात होती, आणि 1964 मध्ये संगीतकार मिल्टन बॅबिटचं 'फिलोमेल' तिनंच पहिल्यांदा गायलं, टेपवरच्या इलेक्ट्रॉनिक आवाजांबरोबर. तेव्हा तू ज्या वाटेबद्दल विचारतेस ती मळलेली आहे, फक्त तिच्यावर गर्दी नाही.

आता रूबी ह्यूजकडे येते. तिची सुरुवात गळ्यानं झाली नाही. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये ती चेलो शिकली, मग म्युनिकला आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गायन. आई एलिझाबेथ फ्रिच, नामवंत सेरॅमिक कलाकार, आणि मातीकडे वळण्याआधी तीही हार्प शिकलेली. मला यातला चेलो फार महत्त्वाचा वाटतो. चेलो वाजवणाऱ्याचा कान खालच्या ओळीवर असतो. जुन्या संगीतात सगळी इमारत बासवर उभी असते आणि पुष्कळ सोप्रानो आपल्याच ओळीच्या प्रेमात पडून ती ऐकतच नाहीत. 2017 मध्ये बीआयएस या स्वीडिश कंपनीनं तिचा 'हिरोइन्स ऑफ लव्ह अँड लॉस' काढला. त्यात साथीला फक्त दोघं आहेत: योनास नूर्डबर्ग ल्यूटवर आणि मिमे यामाहिरो ब्रिंकमन चेलोवर. बार्बरा स्ट्रोझी, फ्रांचेस्का काच्चिनी, मठात राहून लिहिणाऱ्या लुक्रेझिया व्हिझाना आणि क्लाउडिया सेसा, शिवाय पर्सेल, या सगळ्या 17व्या शतकातल्या संगीतकारांच्या रचना. तो लावून एकदा तिचा आवाज सोडून नुसता चेलो ऐक. मग पुन्हा दोन्ही एकत्र. ती कुठे टेकते, कुठे मुद्दाम अधांतरी राहते, ते कळायला लागेल.

तिला पुढे आणणाऱ्या गोष्टी 2009 मध्ये एकामागून एक घडल्या. लंडनच्या हॅन्डेल गायन स्पर्धेत पहिलं बक्षीस आणि श्रोत्यांचंही. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये रोसिनीच्या 'टांक्रेदी' या ऑपेरात छोटी भूमिका, संचालक रेने याकोब्सच्या हाताखाली. मग 2011 ते 2013 बीबीसी रेडिओ 3 ची न्यू जनरेशन आर्टिस्ट. या योजनेबद्दल इकडे फारसं कुणी बोलत नाही म्हणून सांगते. दरवर्षी मोजके तरुण कलाकार निवडतात आणि दोन वर्षं त्यांना स्टुडिओ, बीबीसीचे ऑर्केस्ट्रा आणि मैफली देतात. त्यात कलाकाराला वेगवेगळ्या गोष्टी गाऊन बघायला जागा मिळते, आणि ते रेडिओवरून देशभर ऐकलं जातं. बक्षिसानं नाव होतं. पण काम मिळतं ते कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाला तुझा आवाज, तुझी तयारी आणि तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे.

2018 चा तिचा शँडोस कंपनीचा अल्बम मला सगळ्यात शिकवण्यासारखा वाटतो. ज्युलिया फ्रासी ही 18व्या शतकातली इटालियन गायिका, 1740च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनला आली आणि संगीतकार हॅन्डेलच्या शेवटच्या वर्षांतली मुख्य सोप्रानो झाली. 'सुझॅना', 'सॉलोमन', 'थिओडोरा', 'जेफ्था' या त्याच्या ओरॅटोरिओंतल्या (धार्मिक कथांवरच्या, अभिनयाशिवाय गायच्या मोठ्या रचना) सोप्रानो भूमिका तिच्या गळ्यासाठी लिहिलेल्या. ह्यूजनं तिच्याभोवती अख्खा अल्बम बांधला, संचालक लॉरेन्स कमिंग्ज आणि ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलाइटनमेंट यांच्याबरोबर, आणि त्यात हॅन्डेलशेजारी आज कुणी न गाणाऱ्या तिच्या काळातल्या इतरांच्या रचनाही ठेवल्या. चार्ल्स बर्नी या इतिहासकारानं फ्रासीला स्वतः शिकवलं होतं. तो लिहितो की तिचा आवाज गोड आणि स्वच्छ होता, पण मेहनतीचा तिला कंटाळा. एकदा ती हॅन्डेलला म्हणाली, आता मी नेटानं अभ्यास करणार, स्वतःची साथ स्वतः करता यावी म्हणून बासवरून सुरावट वाजवायला शिकणार. हॅन्डेलला तिचा आळस ठाऊक होता. तो म्हणाला, अरे वा, मग तर काय काय अपेक्षा ठेवायला नकोत!

हा किस्सा लोक हसण्यासाठी सांगतात. मला त्यात दुसरं काही दिसतं. एका खोलीत संगीतकार आणि गायिका आहेत. त्याला तिचा गळा, तिची खोड, तिची ताकद पाठ आहे आणि तो त्या गळ्याच्या मापानं लिहितो आहे. 1750 मध्ये 'थिओडोरा' नवं संगीत होतं, इतकं नवं की लंडनकरांनी पाठ फिरवली आणि प्रयोग पडला. फ्रासी तिच्या काळात नव्या संगीताचीच गायिका होती. ह्यूज आजच्या हू वॉटकिन्स या संगीतकाराबरोबर बसते तेव्हा ती तेच काम करत असते.

बर्नीची आणखी एक नोंद तुझ्यासाठी. फ्रासी लहान वयात आल्यामुळे गाताना इंग्रजी शब्द तिथल्या जन्मजात लोकांपेक्षाही स्पष्ट उच्चारायची, असं तो म्हणतो. परकी भाषा हा अडथळाच असतो असं नाही. ती कानानं शिकलेली असते, गृहीत धरलेली नसते.

इथे थांबून एक अगदी बारीक गोष्ट दाखवते. 'थिओडोरा'त तुरुंगातलं एक गाणं आहे, त्याची सुरुवात 'विथ डार्कनेस डीप' अशी. मी ते लंडनला गेल्याच्या पहिल्या वर्षी शिकले. माझ्या बाई दर वेळी पहिल्या तीन शब्दांवर थांबवायच्या. मला वाटायचं श्वास चुकतोय. शेवटी त्यांनी माझ्या तोंडासमोर आरसा धरला. आपण मराठी माणसं इंग्रजी 'डी' अक्षर आपल्या 'ड'नं म्हणतो, जीभ मागे वळवून टाळूला लावतो. तिथे जीभ वळली की तिचं मूळ आखडतं, घसा अरुंद होतो आणि पुढचा लांब स्वर सुरू होण्याआधीच अडकतो. इंग्रजीतला हा वर्ण दातांच्या मागच्या उंचवट्यावर होतो, आपल्या 'द' आणि 'ड' यांच्या मध्ये. तसंच पहिल्या शब्दाच्या शेवटी आपण 'थ' म्हणून हवा सोडून देतो. तिथे हवेचा झटका नको, दातांमध्ये जीभ ठेवून गुंजन हवं. तीन शब्दांत तीन जागा. आठवडाभर सूर न लावता मी तेवढंच म्हणत बसले. मग गायले, तर गाणं आपोआप सुटलं. तुझ्या शिक्षकांना आवाज 'लहान' वाटला त्यात अशा अडकलेल्या जागा किती आहेत ते मला न ऐकता सांगता येणार नाही, पण माझ्या विद्यार्थिनींमध्ये मी हे फार पाहिलं आहे. आणि लहान आवाज म्हणजे काय? ह्यूज संचालक ओस्मो व्हॅन्स्का आणि मिनेसोटा ऑर्केस्ट्राबरोबर माहलरच्या दुसऱ्या सिंफनीच्या रेकॉर्डिंगमध्ये सोप्रानो आहे. तिथे तिच्यामागे पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि क्वायर असतो.

सुराबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे आपल्याकडच्या मुलांना एक देणगी असते आणि ती त्यांना माहीत नसते. पियानोची गंधारपट्टी, म्हणजे षड्जापासून मोठ्या तिसऱ्या स्वराचं अंतर, 400 सेंट असते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). निसर्गतः शुद्ध गंधार 386च्या आसपास येतो, 14 सेंट खाली. 17व्या शतकातल्या साथीची वाद्यं बहुधा अशी लावत की हा गंधार शुद्ध किंवा शुद्धाच्या अगदी जवळ राहावा. पियानोवर वाढलेली गायिका हार्प्सिकॉर्डबरोबर पहिल्यांदा उभी राहते तेव्हा तिचा तिसरा स्वर चढा लागतो आणि तिला कळत नाही काय चुकतंय. मी शाळेत असताना दोन वर्षं शेजारच्या काकूंकडे तानपुऱ्यावर बसले होते. खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा तो गंधार कानात राहिला होता. लंडनमधल्या पहिल्या तालमीत साथीला बसलेले गृहस्थ म्हणाले, हा स्वर तुला कुणी शिकवला? मी काय सांगणार, शेजारणीनं. तुझ्या घरी किंवा ओळखीत कुणाकडे खरा तानपुरा असेल तर आठवड्यातून दोनदा त्याच्याजवळ बस. ॲपवरचाही चालेल, पण हार्मोनियम नको. त्याचा गंधार पियानोसारखाच चढा असतो.

पट्टीचंही तसंच. आज मैफलीत ए हा स्वर सेकंदाला 440 कंपनांवर धरतात. बरोक, म्हणजे साधारण 1600 ते 1750 च्या काळातलं संगीत वाजवणारे वाद्यवृंद बहुतेक 415 वर लावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. हलक्या सोप्रानोला हे सुखाचं. पण ज्यांना परफेक्ट पिच आहे, म्हणजे स्वर ऐकताच त्याचं नाव कळतं, त्यांचे पहिले काही महिने वाईट जातात, कागदावर एक दिसतं आणि कानाला दुसरं लागतं. नव्या संगीतात पाव स्वरांची चिन्हं येतात तेव्हा हीच लवचीकता कामी येते. 14 सेंटचा फरक ऐकू येणाऱ्या कानाला 50 सेंटचा पाव स्वर लावणं अवघड राहत नाही.

आता नव्या संगीताची बाजू. ह्यूजच्या कामात मला आवडतं ते हे की तिच्याभोवतीचे संगीतकार विखुरलेले नाहीत, त्यांच्याशी नातं आहे. हू वॉटकिन्स पाँटिपूलचा, स्वतः उत्तम पियानिस्ट. त्यानं तिच्यासाठी 'एको' ही गीतमाला लिहिली, कार्नेगी हॉलनं ती लिहून घेतली, 2017 मध्ये तिथे पहिल्यांदा गायली गेली, आणि पुढे दोघांच्या अल्बममध्ये ती पर्सेल आणि बाखच्या शेजारी आली. हेलन ग्राइम या स्कॉटिश संगीतकार बाईंची 'ब्राइट ट्रॅव्हलर्स' फिओना बेन्सनच्या कवितांवर आहे, गरोदरपण आणि बाळंतपण यांवर. ती ह्यूज आणि पियानिस्ट जोसेफ मिडल्टन यांनी पहिल्यांदा गायली आणि 2021च्या अल्बममध्ये माहलर आणि आइव्ह्ज यांच्याबरोबर ठेवली. गर्भातलं मूल, पोटातली पहिली हालचाल, या विषयावर एका बाईनं लिहिलेल्या कवितांना दुसऱ्या बाईनं चाल दिली आणि तिसरीनं गायली. शेकडो वर्षांच्या गीतसंग्रहांत मुलाच्या मृत्यूवर गाणी आहेत, प्रेयसीच्या डोळ्यांवर तर ढीगभर आहेत, पण हे क्वचितच. म्हणून नवं संगीत लागतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती आणि मला बसवेना, उठून खिडकीशी गेले.

बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्सबरोबर, याक फान स्टेनच्या हाताखाली, तिनं रेकॉर्ड केलेलं रिअन सॅम्युएलचं 'क्लायटेम्नेस्ट्रा' 2020 मध्ये बाहेर आलं. सॅम्युएल बाई ॲबरडेअरच्या, रचना 1994 ची, प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकावरून. नवऱ्याला मारणाऱ्या राणीची कथा, आणि सगळी तिच्याच तोंडून. त्यानं त्यांच्या मुलीचा बळी दिला म्हणून ती सूड घेते. रचना झाल्यावर 26 वर्षांनी हे रेकॉर्डिंग आलं. ही या धंद्यातली सगळ्यात दुखरी जागा. पहिल्या प्रयोगाला पैसे मिळतात, वर्तमानपत्रात येतं. दुसऱ्या प्रयोगाला कुणी विचारत नाही, आणि कितीतरी चांगल्या रचना पहिल्या रात्रीनंतर कपाटात जातात. म्हणून माझा आग्रह असा: कारकिर्दीत पहिलेपणाच्या मागे कमी लाग, दुसऱ्या-तिसऱ्यांदा गाण्याच्या मागे जास्त. संगीतकार ते कधी विसरत नाहीत.

वेल्सबद्दल थोडं विषयांतर. तो देश लहान, भाषा आपली टिकवून ठेवलेली, आणि गाणं चॅपलमधून आलेलं. 19व्या शतकात खाणकामगारांच्या वस्त्यांत चार आवाजांत गाणं पसरलं ते स्टाफ नोटेशननं नव्हे, टॉनिक सोल-फानं: डो, रे, मी यांची नुसती अक्षरं, आपल्या सा रे ग म सारखी. षड्ज हलता, बाकी स्वर त्याच्या नात्यानं. ज्यांना पाच रेघांचं पान परवडत नव्हतं किंवा वाचता येत नव्हतं त्यांनी त्यातून हॅन्डेलची ओरॅटोरिओ बसवली. तू सरगम जाणत असशील तर तुलाही नवं पान वाचताना त्याचा उपयोग करता येईल. मी अजून अवघड उडी आली की मनात सरगम म्हणते.

दुसऱ्या एका वेल्श सोप्रानोचं उदाहरण इथे द्यायलाच हवं, एलिन मॅनहन टॉमस. स्वान्सीकडची. केंब्रिजला ती अँग्लो-सॅक्सन, नॉर्स आणि केल्टिक भाषा शिकत होती आणि क्लेअर कॉलेजच्या क्वायरमध्ये गात होती. पुढे माँटेव्हर्डी क्वायर, मग एकल गायन. 2005 मध्ये जर्मनीतल्या वायमारच्या अण्णा अमालिया ग्रंथालयातल्या जुन्या कागदांत मिखाएल माउल या संशोधकाला बाखची दोन पानं सापडली. 1713 च्या ऑक्टोबरात ड्यूकच्या वाढदिवसासाठी लिहिलेलं, सोप्रानोसाठी, बारा कडव्यांचं गाणं. 2004 मध्ये त्या ग्रंथालयाला भीषण आग लागली होती, पण हे कागद त्याआधीच इमारतीबाहेर हलवलेले असल्यामुळे वाचले. माँटेव्हर्डी क्वायर उभारणाऱ्या गार्डिनरनं त्याचं पहिलं रेकॉर्डिंग केलं, आणि गायली एलिन. विचार कर: सापडलं तेव्हा 292 वर्षं जुनं झालेलं गाणं, आणि आधी कुणाचंही ऐकलेलं नाही. चाल तीच, कडवी बदलतात, म्हणजे दर वेळी काहीतरी नवं करायला हवं, आणि ते तूच ठरवायचं. याला जुनं संगीत म्हणशील की नवं? गंमत अशी की तिला कोट्यवधी लोकांनी ऐकलं तेही 1713 च्याच एका वाढदिवसगीतात: हॅन्डेलनं राणी ॲनसाठी लिहिलेलं 'इटर्नल सोर्स ऑफ लाइट डिव्हाइन', 2018 मध्ये राजपुत्र हॅरीच्या लग्नात. एक आवाज, एक ट्रम्पेट, लांब लांब श्वास.

गळा बिघडतो का, या प्रश्नावर मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. बिघडू शकतो. पण ज्याची भीती घालतात त्यानं क्वचितच. किंचाळणं, कुजबुज, बोलल्यासारखं गाणं, हे एकदोन मिनिटांपुरतं आणि नीट शिकून केलं तर निभतं. गळ्याला खरा त्रास होतो तो वरच्या पट्टीत बराच वेळ हळू गाण्यानं, आणि तालमीत ते पुन्हा पुन्हा करण्यानं. मला एकदा फटका बसला. एका नव्या रचनेत वरच्या ए-बी च्या आसपास चार मिनिटं हलक्या आवाजात राहायचं होतं, तालमी दोन दिवसांत उरकायच्या होत्या, आणि मी प्रत्येक वेळी पूर्ण आवाजात गायले कारण 'जमत नाही' म्हणायची लाज वाटली. प्रयोगानंतर तीन आठवडे बोलणंही बंद होतं. चूक माझी होती. तेव्हापासून तालमीत खालच्या सप्तकात किंवा अर्ध्या आवाजात खुणेपुरतं गाते, पान आल्याबरोबर वर किती वेळ राहायचं ते पेन्सिलीनं मोजते, आणि संगीतकार खोलीत असेल तर विचारते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका संगीतकाराला मी म्हटलं, हा शब्द या उंचीवर कळणार नाही, 'ई' आहे, तोंड मिटतं. त्यानं दोन मिनिटं पाहिलं, रबर घेतला आणि ओळ दोन स्वर खाली आणली. तो म्हणाला, आधी का नाही सांगितलंस? हॅन्डेलच्या खोलीतही असंच होत असणार. जुन्या संगीतातही असंच धोक्याचं ठिकाण आहे, फक्त ते कुणी सांगत नाही: कंप काढून टाका म्हटलं की मुली गळा आवळून सरळ स्वर लावतात. सरळ स्वर श्वासानं येतो, दाबून नाही.

पोटापाण्याचं. लंडनमध्ये एकट्या मैफलींवर जगणारे फार थोडे. बाकीच्यांचा महिना असा असतो: एका गटाबरोबर रेनेसाँ कार्यक्रम, कुणी आजारी पडलं म्हणून सकाळी फोन आणि संध्याकाळी गाणं, डिसेंबरभर हॅन्डेलचं 'मेसायाह', ईस्टरच्या आधी बाखचे पॅशन (ख्रिस्ताच्या दुःखभोगाची गाऊन सांगितलेली कथा), रविवारी चर्चमधलं पगारी गाणं, मध्ये शिकवण्या. मैफलीच्या दिवशी बहुधा दुपारी तीन तासांची एकच तालीम असते. म्हणून नोटेशन बघून पहिल्यांदाच बरोबर गाता येणं हे सुंदर आवाजाइतकंच मोलाचं. ज्यांना ते येतं त्यांनाच नव्या संगीतालाही बोलावतात, कारण तालमीचे पैसे तिथे आणखी कमी असतात. भारतातून जाणाऱ्या मुलांचा आवाज चांगला असतो आणि वाचन कच्चं, हे मी स्पष्टच सांगते.

तर तयारी. रोज 20 मिनिटं न ऐकलेलं पान वाच, आधी ताल, मग सरगम, मग शब्द. इटालियन शिक, निदान उच्चार आणि क्रियापदं. स्ट्रोझीचं 'लाग्रिमे मिए' घे, 1659 च्या संग्रहातलं. बास एका स्वरावर थांबलेला असतो आणि आवाज त्याला घासत, अडखळत वरून खाली येतो, अश्रू बाहेर पडत नाहीत म्हणून. तो पहिला उतार रडक्या आवाजात गाऊ नकोस. बासशी होणारं प्रत्येक घर्षण कान देऊन पुरेपूर ऐक आणि मगच पुढच्या स्वरावर जा. एवढं केलंस की रडणं आपोआप ऐकू येतं. चेलो वाजवणारी मैत्रीण मिळाली तर पियानोऐवजी तिच्याबरोबर बस.

आणि एक संगीतकार शोध, तुझ्याच वयाचा. मुंबईत, पुण्यात, गोव्यात स्टाफ नोटेशनमध्ये लिहिणारी मुलं आहेत आणि त्यांना गाणारं कुणी मिळत नाही. तू लिहिलंस की घरी सगळे कादोडी, ही आपली वसईची बोली, बोलतात. तुझ्या आजीला लग्नातली, हळदीची गाणी येत असतील. त्यातल्या चार ओळी त्याला दे आणि सांग, माझा आवाज या स्वरापासून त्या स्वरापर्यंत सोपा आहे, इथे फुटतो, इथे शब्द कळतात. तीन मिनिटांचं गाणं लिहून घे, एकट्या आवाजाचं चालेल. ते दोनदा, तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी गा.

स्ट्रोझीचा तो उतार आणि हे नवं गाणं फोनवर एकाच बैठकीत रेकॉर्ड कर, कापाकापी न करता, आणि मला पाठव. खोलीत पंखा बंद ठेव. आणि 'ड' कडे लक्ष दे.